नवं उत्पादन बनवण्याआधी: कल्पना तपासायची कशी?

जेफ हॉकिन्स हा अभियंता काही काळ शर्टाच्या खिशात लाकडाचा एक ठोकळा घेऊन फिरत असे. ठोकळ्यावर कागद चिकटवून त्याने स्क्रीन आणि बटणं काढली होती. लेखणीच्या जागी एक लाकडी काडी होती. मीटिंगमध्ये कुणी विचारलं, "बुधवारी मोकळा आहेस का?" की हा खिशातून ठोकळा काढायचा, काडीने त्यावर टिचक्या मारायचा आणि वेळापत्रक पाहिल्यासारखं करायचा. बघणाऱ्यांना तो वेडाच वाटला असणार. पण १९९३ साली बाजारात आलेलं, त्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर असलेलं आधीचं उपकरण, 'झूमर', जड, संथ आणि महाग म्हणून पडलं होतं. या वेळी त्याला 'हे बनवता येईल का' हा प्रश्न नंतर सोडवायचा होता. आधी कळायला हवं होतं की असलं काही मी रोज खिशात ठेवीन का, आणि ठेवलं तर दिवसातून किती वेळा आणि कशासाठी बाहेर काढीन. १९९६ साली 'पाम पायलट' आला तो खिशात मावणारा, आणि चारच कामं धड करणारा: तारखा, पत्ते, कामांची यादी, टिपणं.

कल्पना तपासणं म्हणजे एवढंच. ठोकळ्याचा खर्च जवळपास शून्य आणि चूक कळायला लागणारा वेळ काही दिवस. पहिल्यांदाच काही बनवायला निघालेल्या माणसासाठी ही तपासणी पायरीपायरीने कशी करायची ते पुढे लिहिलं आहे. सगळ्या पायऱ्यांमागे एकच आग्रह आहे: लोक काय म्हणतात याला पुरावा धरू नका. त्यांनी आजवर काय केलंय आणि आत्ता हातचं काय द्यायला तयार आहेत, तेवढंच मोजा.

बोलायला सोपं जावं म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. वयस्कर माणसं औषधं घ्यायला विसरतात. म्हणून गोळ्यांची अशी डबी बनवायची, जी वेळ झाली की वाजेल, आणि झाकण उघडलं गेलं नाही तर दूर राहणाऱ्या मुलाला किंवा मुलीला मेसेज पाठवेल. ऐकायला छान आहे ना? तिथेच सांभाळायला हवं.

पहिली पायरी: कल्पना फोडून गृहीतकं लिहा

कल्पना अख्खी तपासता येत नाही. तिच्या पोटात आठ-दहा समजुती दडलेल्या असतात, त्या एकेक करून बाहेर काढाव्या लागतात. डबीचंच घ्या:

- गोळ्या चुकतात, आणि कुणाला तरी काळजी वाटावी इतक्या वेळा चुकतात.
- चुकण्याचं कारण विसरणं हेच आहे. (गोळी महाग आहे, तिने पोटात जळजळतं, किंवा 'आता बरं वाटतंय, कशाला घ्यायची' ही कारणं नव्हेत.)
- डबी वापरणार आई-वडील, पैसे देणार मुलं. मुलं पैसे देतील.
- आई-वडिलांना ही पाळत चालेल.
- दर आठवड्याला कुणीतरी डबी बिनचूक भरेल.
- झाकण उघडलं म्हणजे गोळी पोटात गेली.
- अशी मुलं आपल्याला परवडेल अशा खर्चात सापडतील.
- डबी त्या किमतीत बनवता येईल.

आता प्रत्येकासमोर दोन खुणा करा. ही समजूत चुकीची निघाली तर किती कोसळेल? आणि ती खरी असल्याचा आज माझ्या हातात काय पुरावा आहे? जिथे कोसळणं मोठं आणि पुरावा शून्य, तिथून तपासणी सुरू करायची. यादीतलं शेवटचं गृहीतक बहुतेक नवखे आधी उचलतात, कारण ते आपल्या हातातलं, आपल्या आवडीचं असतं. सर्किट जोडायला बसलं की काम चालू आहे असं वाटतं. प्रत्यक्षात वाजणारी डबी बनवता येते, ही शंका कुणालाच नव्हती. धोका दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत आहे.

वापरणारा आणि पैसे देणारा वेगळा असेल तर दोघांची गृहीतकं वेगळी लिहा. एकाला हवं असलेलं दुसऱ्याला नको असणं ही रोजची गोष्ट आहे.

दुसरी पायरी: लोक आज काय करून भागवतात ते पाहा

'याला स्पर्धाच नाही' हे वाक्य तोंडात आलं की थांबा. स्पर्धा नेहमी असते, फक्त ती तुमच्यासारखी दिसत नाही. डबीचे प्रतिस्पर्धी कोण? फोनचा अलार्म. सात वारांचे सात कप्पे असलेली साधी प्लास्टिकची डबी. गोळीच्या पाकिटावर पेनने लिहिलेली तारीख. मुलीचा रात्री साडेआठचा फोन, ज्यात औषधाबरोबर इतर चार गोष्टीही बोलून होतात. आणि काहीच न करणं, हा तर सगळ्यात तगडा प्रतिस्पर्धी.

'ज्युसेरो' नावाच्या कंपनीची गोष्ट यासाठी लक्षात ठेवावी. तिने फळं-भाज्यांच्या तयार पिशव्या पिळून रस काढणारं वायफायवालं यंत्र बनवलं. गुंतवणूकदारांनी सुमारे १२ कोटी डॉलर ओतले होते, २०१६ साली यंत्र ६९९ डॉलरला बाजारात आलं आणि पुढे किंमत ३९९ वर आणली गेली. एप्रिल २०१७ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी त्याच पिशव्या नुसत्या हातांनी पिळून पाहिल्या. जवळपास तेवढाच रस निघाला. सप्टेंबरमध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. यंत्राची बांधणी मजबूत होती असं ते उघडून पाहिलेले अभियंतेही सांगतात. फक्त त्याचा प्रतिस्पर्धी माणसाचे दोन हात होते.

ही पायरी घरबसल्या होते. लोक कोणत्या शब्दांत शोध घेतात ते पाहा. मिळत्याजुळत्या वस्तूंची एक आणि दोन ताऱ्यांची परीक्षणं वाचा, पाच ताऱ्यांची सोडून द्या. नाराज माणूस नेमकं लिहितो. याआधी असं काही बनवून बंद पडलेल्यांचा माग काढा आणि ते का बंद पडलं ते शोधा. दोन-तीन दिवस पुरेत. त्याहून जास्त वेळ इथे घालवणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं.

तिसरी पायरी: माणसांशी बोला, पण कल्पनेविषयी नको

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पहिली चूक माणसं निवडण्यात होते. मित्र, भाऊ, ऑफिसातला शेजारी यांना विचारू नका. ते तुमच्यावर माया करतात, उत्पादनावर नाही. ज्याला ती अडचण आहे आणि तुम्हाला खूश करण्याचं काही कारण नाही, असा माणूस शोधा. 'वयस्कर पालक असलेले सगळे' हा गट फार पसरट आहे. 'ज्यांचे आई किंवा वडील एकटे राहतात आणि दिवसाला पाचाहून जास्त गोळ्या घेतात' असा गट धरा. अशी माणसं कुठे सापडतात हे शोधण्यातच एक गृहीतक तपासलं जातं. आज दहा माणसं सापडत नसतील, तर उद्या हजार ग्राहक कुठून आणणार?

दुसरी चूक प्रश्नांत. "अशी डबी आली तर घ्याल का?" या प्रश्नाला सभ्य माणूस 'हो' म्हणतो. समोर बसून, डोळ्यांत चमक असलेल्या माणसाला 'नाही' म्हणायला जीभ रेटत नाही. आणि भविष्याबद्दल आपण सगळेच उदार असतो. उद्यापासून रोज पहाटे उठणारेही आपणच. 'घेईन', 'वापरेन', 'मस्त आहे' ही उत्तरं वहीत लिहा हवं तर, पण पुराव्याच्या रकान्यात नको. एके काळी माझ्या स्वतःच्या वहीत पानभर 'आवडलं' लिहिलेलं होतं, आणि त्या पानातल्या एकानेही पुढे पैसे दिले नाहीत. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

प्रश्न भूतकाळाबद्दल विचारा. समजा, संवाद असा झाला:

"शेवटची गोळी कधी चुकली?"

"चुकली म्हणजे... विसरले नाहीत बाबा. गेल्या आठवड्यात त्यांनी एकच गोळी दोनदा घेतली."

"मग काय केलंत?"

"घाबरले. डॉक्टरांना फोन केला."

"त्यानंतर काही बदललं?"

"आता दर रविवारी मी जाते आणि पाकिटांवर वार लिहून ठेवते. दोघांच्या मिळून अकरा गोळ्या आहेत. पाऊण तास जातो."

"यासाठी काही विकत घेऊन पाहिलंत?"

"सात कप्प्यांची डबी आणली होती. बाबांची बोटं दुखतात, झाकणं उघडेनात. पडून आहे."

या संवादात तुमच्या डबीचं नावही आलं नाही, आणि तरी तीन गोष्टी हाती लागल्या. इथे भीती विसरण्याची नाही, 'घेतली की नाही' हे न आठवल्याने दोनदा घेण्याची आहे. खरं कष्टाचं काम रविवारी गोळ्या वारांप्रमाणे लावण्याचं आहे. आणि तिने आधीच पैसे खर्च केले आहेत, म्हणजे अडचण खरी आहे. तुमची वाजणारी डबी यातल्या कशालाच हात घालत नाही. हे कळायला चहाएवढा वेळ लागला.

उपयोगी पडणारे प्रश्न थोडेच आहेत. शेवटचं कधी झालं? तेव्हा नेमकं काय केलं? त्यात वैताग कशाचा आला? उपाय शोधला होता का, कुठे शोधला? त्याला किती पैसे किंवा वेळ गेला? आणि उठताना: मी आणखी कुणाशी बोलू? माणूस दोन नावं देतो आणि स्वतः फोन करून ओळख करून देतो, तेव्हा विषय त्याला खरंच टोचत असतो. 'उपाय शोधला होता का' याला 'नाही' आलं, तर अडचण आहे पण दुखत नाही असं समजा. अशा अडचणींवर माणसं आयुष्यभर तक्रार करतात आणि एक पैसाही खर्चत नाहीत.

बोलताना तुम्ही किती बोलताय यावर लक्ष ठेवा. तुम्ही समजावून सांगायला लागलात की मुलाखत संपली आणि विक्री सुरू झाली. शक्य असेल तर दोघं जा, एकाने बोलायचं, दुसऱ्याने टिपायचं. टिपताना त्यांचेच शब्द लिहा. 'बाबांची बोटं दुखतात' याचं 'वापरसुलभतेची समस्या' असं रूपांतर केलंत की त्यातला जीव जातो. पुढे जाहिरातीत हेच शब्द कामाला येतात.

किती जणांशी बोलायचं? एका गटातल्या दहा ते पंधरा जणांशी. पुढचा माणूस काय सांगणार याचा अंदाज यायला लागला की थांबा. पंधराव्यालाही नवंच काही ऐकू येत असेल, तर तुमचा गट एक नसून तीन गटांची खिचडी आहे. शितावरून भाताची परीक्षा होते खरी, पण शितं एकाच भांड्यातली हवीत.

मोठ्या सर्व्हेचं काय, असं कुणीतरी विचारतंच. सर्व्हे नंतर, प्रश्न नेमका कळल्यावर. चुकीचा प्रश्न दोन लाख लोकांना विचारला तरी तो चुकीचाच राहतो, आणि हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. कोका-कोलाने आपली चव बदलण्याआधी सुमारे २,००,००० लोकांना घोटघोट पाजून विचारलं होतं, आणि नवी चव जिंकली होती. २३ एप्रिल १९८५ ला नवं पेय जाहीर झालं. लोक इतके खवळले की ७९ दिवसांनी, ११ जुलैला, जुनं पेय परत आणण्याची घोषणा करावी लागली. 'कुठलं जास्त आवडलं' याचं उत्तर बरोबरच होतं. पण निर्णय जुनं काढून घेण्याचा होता, आणि त्या घोटात तो मोजला जात नव्हता.

चौथी पायरी: सगळ्यात स्वस्त प्रयोग निवडा

बोलण्यातून अडचण पक्की झाली की आता वागणूक पाहायची. प्रयोग गृहीतकाप्रमाणे निवडायचा, फॅशनप्रमाणे नाही.

लोकांना यात रस आहे का, आणि ते सापडतील का? एक साधं पान बनवा: अडचण, उपाय, किंमत, एक बटण. जोएल गॅस्कोइन याने २०१० साली 'बफर' ही सोशल मीडियावरच्या पोस्ट आधीच लावून ठेवायची सेवा सुरू करण्यापूर्वी असं दोन पानांचं संकेतस्थळ केलं होतं. पहिल्या पानावर माहिती, बटण दाबलं की 'अजून तयार नाही, ईमेल द्या'. ईमेल आल्यावर त्याने मधे किमतींचं एक पान घातलं, कारण फुकटात उत्सुक असणं आणि किंमत बघूनही पुढे जाणं यात फरक आहे. हा फरक नवख्यांना पटायला वेळ लागतो.

गोष्ट सांगून समजत नाही अशी आहे का? मग व्हिडिओ. ड्रॉपबॉक्स ही फाइली साठवायची सेवा काढणाऱ्या ड्रू ह्यूस्टनला हाच त्रास होता. फाइल आपोआप आपल्या सगळ्या संगणकांवर सारखी राहते हे शब्दांत सांगितलं तर लोक म्हणत, असं बरंच काही आहे की. त्याने ते चालताना दाखवणारा छोटा व्हिडिओ केला, आणि त्याच्याच सांगण्यानुसार प्रतीक्षायादी एका रात्रीत ५,००० वरून ७५,००० वर गेली.

सेवा मिळाली तर लोक वापरतील का? मग यंत्राचं काम स्वतः हाताने करा. निक स्विनमर्नने १९९९ साली ऑनलाइन बूट विकायचं ठरवलं तेव्हा गोदाम घेतलं नाही. दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, संकेतस्थळावर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला विकत घेऊन पाठवले. प्रत्येक जोडीमागे तोटा. पण लोक पायात न घालता बूट मागवतात का, परत किती करतात, हे खऱ्या ग्राहकाकडून कळलं. पुढे त्याचं 'झॅपोस' झालं.

याच जातीचा जुना आणि मला सगळ्यात आवडणारा प्रयोग आयबीएम या संगणक कंपनीतला आहे. बोललेलं टाइप करणारं यंत्र तेव्हा बनवता येत नव्हतं. जॉन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात माणसं माइकमध्ये बोलत आणि शब्द समोरच्या स्क्रीनवर उमटत. टाइप करणारी व्यक्ती दुसऱ्या खोलीत बसलेली होती. यंत्र नसतानाच त्यांना पाहता आलं की किती शब्दांचा साठा पुरेल, आणि एकेक शब्द तोडून बोलावं लागलं तर लोकांना चालेल का.

आपल्या डबीसाठी हे कसं? दहा कुटुंबं निवडा. तीन आठवडे दर रविवारी तिथे जा आणि त्यांच्या घरातल्याच माणसाला समोर बसवून, त्याच्या देखरेखीखाली, गोळ्या वारांप्रमाणे लावायला मदत करा. रोज ठरल्या वेळी स्वतः फोन करा, 'घेतली' असं कळलं की मुलीला स्वतःच्या हाताने मेसेज टाका. तुम्हीच डबी, तुम्हीच सर्व्हर. चौथ्या दिवसापासून फोन कोण उचलत नाही, मुलगी मेसेज उघडते का, आणि आईला या फोनची चीड येते की ती वाट बघते, हे सगळं दिसेल. एक पथ्य मात्र पाळायचं: औषधांच्या बाबतीत त्यांची आधीची व्यवस्था बंद करू नका, तुमचा प्रयोग तिच्या जोडीला चालू द्या. कुठल्या गोळीबद्दल शंका आली तर उत्तर तुम्ही देऊ नका, डॉक्टरांकडे पाठवा. कुणाच्याही तब्येतीशी, पैशांशी किंवा खासगी माहितीशी संबंध असलेल्या प्रयोगात हे पथ्य लागू आहे. लोकांना हा प्रयोग आहे हे स्पष्ट सांगा, माहिती जपून ठेवा, संपल्यावर पुसून टाका.

पाचवी पायरी: काहीतरी मागा

पुराव्याची एक उतरंड मनात ठेवा. स्तुतीला शून्य गुण. ईमेल पत्त्याला थोडे. अर्धा तास वेळ दिला तर जास्त. दुसऱ्या ग्राहकाशी ओळख करून दिली तर त्याहून जास्त, कारण आता त्याचा शब्द पणाला लागला. आगाऊ पैसे दिले तर सगळ्यात जास्त. ग्राहक एखादी कंपनी असेल तर सहीचं पत्र, प्रयोगासाठी नेमून दिलेला माणूस, बजेटमधली तरतूद, या गोष्टी पैशांच्या जागी चालतात.

पैसे मागायला लाज वाटते, हे मान्य. 'अजून बनलंच नाही, कसं मागू?' असं वाटतं. सरळ सांगा: 'मी हे बनवतोय, अमुक महिन्यात देईन, पहिल्या वीस जणांना इतकी सवलत, नाही बनलं तर पूर्ण पैसे परत.' 'नाही' आलं तर ते या तपासणीतलं सगळ्यात मौल्यवान उत्तर आहे. लगेच विचारा, 'काय असतं तर हो म्हटलं असतं?' आणि गप्प बसा. किंमत 'किती द्याल' असं विचारून काढू नका. वेगवेगळ्या लोकांपुढे वेगवेगळी किंमत ठेवा आणि कोण कुठे अडखळतं ते पाहा. सगळेच चटकन हो म्हणत असतील तर किंमत कमी आहे.

आगाऊ मागणीने मागणी सिद्ध होते, बनवण्याची ताकद नाही. 'पेबल' या घड्याळाने २०१२ साली किकस्टार्टरवर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायचं संकेतस्थळ) १,००,००० डॉलर मागितले आणि ६८,९२९ लोकांकडून एक कोटीहून जास्त मिळवले. त्या सप्टेंबरात द्यायचं ठरलेलं घड्याळ निघायला जानेवारी २०१३ उजाडला. म्हणून पहिल्या फेरीत तुम्हाला सांभाळता येईल तितक्याच ऑर्डरी घ्या, आणि ते पैसे खर्चू नका.

सहावी पायरी: नापासाची रेषा आधीच आखा

प्रयोग सुरू करण्यापूर्वी कागदावर लिहा: 'इतक्या दिवसांत, इतक्या लोकांपैकी, इतक्यांनी हे केलं तर पुढे, नाही तर थांबणार.' तारीख घाला. दुसऱ्या कुणाला तरी दाखवा. निकाल आल्यावर रेषा आखायला बसलं तर आधी बाण मारून मग त्याच्याभोवती लक्ष्य काढावं, तशीच ती आखली जाते. 'चारच जणांनी पैसे दिले, पण ते चौघं किती उत्साही होते!'

रेषा कुठे आखायची याचं उत्तर तुमच्या हिशोबात असतं. एक वस्तू विकून हातात काय उरतं, एक ग्राहक मिळवायला किती खर्च येतो, त्यावरून शंभरातले किती घ्यायला हवेत ते काढा. कुठूनतरी ऐकलेला 'चांगला' आकडा वापरू नका.

छोट्या आकड्यांबद्दल थोडं गणित माहीत असावं. शंभर जणांनी पान पाहिलं आणि पाचांनी बटण दाबलं, तर खरं प्रमाण ५ टक्केच असेल असं नाही. ते साधारण २ ते ११ टक्क्यांच्या मधे कुठेही असू शकतं. म्हणजे पाच आणि सात यांच्यातल्या फरकावर वाद घालण्यात अर्थ नाही. उलटा नियमही सोपा आहे. ३० जणांना विचारलं आणि एकानेही घेतलं नाही, तर तीनाला तीसने भागा: खरं प्रमाण १० टक्क्यांहून जास्त असण्याची शक्यता फार कमी, पण ५ टक्के असू शकतं. तुमचा हिशोब १५ टक्क्यांवर उभा असेल तर ३० नकार पुरेसे आहेत. १ टक्क्यावर उभा असेल तर ३० नकारांवरून काहीच ठरत नाही.

सातवी पायरी: नव्याचे नऊ दिवस जाऊ द्या

पहिल्या आठवड्यात सगळेच वापरतात. तपासायचा तो तिसरा आठवडा. तुम्ही आठवण न करता किती जण परत आले? हाताने चालवलेल्या प्रयोगात एक दिवस मुद्दाम मेसेज पाठवू नका. कुणी 'आज आला नाही?' असं विचारलं, तर तो एक प्रश्न शंभर स्तुतींना भारी आहे. कुणीच विचारलं नाही तर तेही उत्तरच.

नव्या कंपन्यांना वाढीचा सल्ला देणारे शॉन एलिस यांनी रूढ केलेला एक प्रश्न इथे कामाला येतो: 'उद्या हे बंद झालं तर तुम्हाला कसं वाटेल?' 'फार वाईट वाटेल' म्हणणारे ४० टक्के किंवा जास्त असतील तर पाया घट्ट आहे, असा त्यांचा ठोकताळा. ठोकताळाच तो, पण प्रश्न चांगला आहे. मात्र ज्यांनी खरोखर वापरलंय त्यांनाच विचारा.

शेवटी निर्णय

सगळ्या तपासणीला मुदत द्या. चार ते सहा आठवडे साध्या कल्पनेला पुष्कळ झाले. अनंत काळ मुलाखती घेत बसणं हाही काम टाळण्याचाच एक सभ्य प्रकार आहे, आणि मी त्यात पटाईत होतो.

काही गोष्टींना ही पद्धत पुरत नाही हेही माहीत असू द्या. नवं औषध चालेल का, हे प्रयोगशाळेत आणि रुग्णांवरच्या चाचण्यांतच कळतं. ते चाललं तर घेणारे आहेतच. दोन्ही बाजूंनी गर्दी झाल्याशिवाय ज्याला अर्थ नाही, अशा बाजारपेठेची किंवा संपर्काच्या ॲपची चाचणी दहा माणसांवर करायची तर ती दहा माणसं एकमेकांशी जोडलेलीच असावी लागतात. आणि परवाना लागणाऱ्या धंद्यात परवान्याचा प्रश्न पहिल्या पायरीच्या यादीत सगळ्यात वर जातो.

मुदत संपली की तीनपैकी एक निवडा: बनवा, वळवा, सोडा. डबीच्या बाबतीत माझा अंदाज 'वळवा' असा आहे. आवाज आणि मेसेज काढून टाकायचे, गोळ्या वारांप्रमाणे लावण्याचं रविवारचं काम सोपं करायचं, आणि दुखऱ्या बोटांनी उघडेल असं एकच झाकण द्यायचं. मग त्या नव्या रूपासाठी गृहीतकांची यादी परत लिहायची. या वेळी निम्म्या ओळींसमोर पुरावा असेल.

सोडायचं ठरलं तर आगाऊ घेतलेले पैसे त्याच आठवड्यात परत करा, आणि ज्यांनी वेळ दिला त्यांना दोन ओळी लिहून काय कळलं ते सांगा. वही टाकू नका. रविवारी पाऊण तास पाकिटांवर वार लिहीत बसणाऱ्या त्या बाईंचा नंबर तिच्यात आहे, आणि निघताना त्यांनी आणखी दोन नावं दिली होती.